चूक कोणाला परवडते?

बी.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘आय ॲम कमिंग डेली फ्रॉम नांदगाव पेठ.’ मागून हसू फुटलं. पुढचं वाक्य मनात तयार होतं, पण ते बाहेर आलंच नाही. त्यानंतर दोन महिने मी त्या तासाला तोंड उघडलं नाही.

तो ‘बोलून इंग्रजी शिका’वाला तास होता. जोड्या करा, बोला, चुकलं तरी चालेल. दुसऱ्या सरांचा तास जुन्या वळणाचा, आजोबांच्या काळच्या तर्खडकरी पाठमालेसारखा. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, नियम पाठ करायचा, फळ्यावरची उत्तरं उतरवून घ्यायची.

यातलं बरं कोणतं, यावर आमचे नेहमी वाद व्हायचे. शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेल्यांना बोलण्याचा तास आवडायचा. मोर्शी, तिवसा, चांदूर बाजारकडून एसटीनं येणाऱ्या आम्हा बहुतेकांना जुना. आम्ही मागास आहोत म्हणून असेल, असं मलाही वाटायचं. मग एकदा मैत्रीण म्हणाली, “त्या सरच्या तासाले मले कोणी हासत तं नाही ना वं.”

तेव्हा कळलं की हा प्रश्न फक्त शिकवण्याच्या पद्धतीचा नाही, न्यायाचाही आहे. ‘चुकलं तरी चालेल’ हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. घरात इंग्रजी असलेल्याची चूक ही नुसती चूक असते. माझी चूक मात्र माझ्या गावाचा, माझ्या जिल्हा परिषद शाळेचा पुरावा ठरते. एकाच चुकीची किंमत दोघांना वेगवेगळी पडते.

म्हणून जुनी पद्धत बरोबर का? तसंही नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षं शिकून, पेपर पास होऊन, मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर गप्प बसलेल्या ताया-दादा मी पाहिले आहेत. जुना तास आपल्याला हसण्यापासून वाचवतो, पण किंमत माफ करत नाही, उधारीवर ठेवतो. ती पुढे एकट्यानं चुकवावी लागते.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत वेगळा प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कोडी, नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक दिलं. उत्तर शोधता शोधता इंग्रजी येईल, ही कल्पना. मला त्यातलं एक फार आवडलं. मुलांनी पहिल्या दिवसापासून बोललंच पाहिजे, असा आग्रह तिथे नव्हता. आधी समजू दे, बोलणं मागून येईल. म्हणजे संवाद शिकवणं आणि सगळ्यांसमोर उभं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि व्याकरण तरी शत्रू का असावं? माझं ते वाक्य आलं कुठून? आम्ही वऱ्हाडीत म्हणतो, ‘मी रोज येऊन राह्यली.’ त्याचंच ते इंग्रजी. रोजच्या सवयीसाठी इंग्रजीत ‘आय कम’ लागतं, एवढं कोणी वऱ्हाडी शेजारी ठेवून सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं. तो नियम मला संवादाच्या तासाला हवा होता. हसण्याऐवजी.

इथवर मी स्वतःला हसणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला धरत होते. पण मागच्या वर्षी मेळघाटातून आलेला एक मुलगा आमच्या गटात बोलत होता. त्याच्या घरची भाषा कोरकू. बोलता बोलता तो ‘माझा बहीण’ म्हणाला, आणि मी हसले. सगळ्यात आधी. तो थांबला, मोबाइल काढून उगाच बघत बसला. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो “काही नाही ताई” म्हणाला. पण त्या दिवशी त्याच्या बहिणीबद्दल तो काय सांगणार होता, ते मला अजून माहीत नाही.

कोणती पद्धत चांगली, असं आता कोणी विचारलं, तर मी आधी उलट विचारते: तुमच्या वर्गात सगळ्यात महाग चूक कोणाची असते?