निंदेचा धनी कोण?

एखाद्याच्या नावास काळिमा लावणारा मजकूर एकाने लिहिला आणि दुसऱ्याने तो केवळ पुढे पाठविला, तर दोष कोणाचा? प्रश्न जुनाच आहे. परंतु हाती मोबाइल आल्यापासून तो घरोघरी येऊन ठेपला आहे.

१८४९ सालच्या एका इंग्रजी खटल्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ब्रन्सविकच्या ड्यूकने आपल्या नोकराकरवी एका साप्ताहिकाचा सतरा वर्षांपूर्वीचा अंक विकत आणविला. त्यात ड्यूकची निंदा होती. अंक हाती देणे हेच नव्याने प्रसिद्ध करणे होय, असे न्यायालयाने ठरविले व जुना दावा पुन्हा जिवंत झाला. छापील कागदाच्या काळी हा नियम क्वचितच कोणास बाधत असे. इंटरनेटवरील मजकूर मात्र दर घटकेस कोठे ना कोठे उघडला जातो. मग दाव्याची मुदत संपावयाची तरी केव्हा? म्हणून इंग्लंडने २०१३ च्या कायद्याने पहिल्या प्रसिद्धीचा दिवस प्रमाण मानला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानेही आपल्याकडील एक वर्षाची मुदत पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजावी, असा निर्णय दिला.

लेखकास हा दिलासा मिळाला. पण पुढे पाठविणाऱ्याचे काय? १८६० च्या दंडसंहितेत, तसेच तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात, आरोप करणारा आणि तो प्रसिद्ध करणारा हे दोघेही अपराधास पात्र आहेत. समाजमाध्यमावर पुढे पाठविलेल्या मजकुराच्या एका खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की, पाठविलेला संदेश हा धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा आहे. त्याच्या परिणामाचे उत्तरदायित्व सोडणाऱ्याने स्वीकारलेच पाहिजे. आरोपीने मजकूर काढून टाकून क्षमा मागितली होती, तरी खटला रद्द झाला नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, कायदा अधिक कडक करावा. पण कडक कायदा बलवानाच्या हातचे शस्त्रही होतो. इंटरनेटवरील नुसत्या त्रासदायक मजकुरासही शिक्षा सांगणारे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ह्याच कारणास्तव रद्द केले की, त्याच्या संदिग्ध शब्दांत निर्दोष बोलणेही सापडत होते. तेव्हा कायद्याने सर्वांची तोंडे बांधावीत, हा काही उपाय नव्हे.

गेल्या चातुर्मासातील आमचीच गोष्ट सांगतो. गल्लीतील एका किराणा दुकानदाराच्या तेलात भेसळ असते, असा संदेश आम्हांस आला. आम्ही तो लोकांच्या हिताच्या समजुतीने पुढे पाठविला. आठ दिवसांनी तो खोटा असल्याचे कळले; तोवर दुकानावरची गर्दी ओसरली होती. आमचे तीर्थरूप म्हणाले, "आधी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहा." आम्ही गेलो व क्षमा मागितली. काका रागावले नाहीत. साखर तोलता तोलता त्यांनी एवढेच विचारले, "बाळा, कुणाकुणाला पाठवलंस, ते तरी आठवतं का?" आम्हांस आठवेना.

बदनामीच्या कलमाचा पहिला अपवाद असा आहे की, विधान सत्य असावे आणि ते सांगणे लोकहिताचेही असावे. आम्ही हिताचा विचार केला, सत्याचा केला नाही. दुसरे कोणी खरे तेच सांगत असतील, पण त्यात कोणाचेही हित नसेल. ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे न्यायाधीश मागतो ती फार उशिरा, दुकान ओस पडल्यावर. ती आपली आपण आधी मागावयाची असतात. लिहिणारा एक असतो. पण त्याच्या असत्याला पाय आपण देतो. म्हणून निंदेचा धनी जितका तो, तितकेच आपणही, असे आम्हांस वाटते.