बटन दाबणारा हात

बोदलकशाच्या पाळीवर उभं राहिलं की डोळा पोचेल तिथवर पाणी. इंग्रजांच्या वेळचा तलाव. तिथून सायकलीने तासाभरावर माझी वस्ती. मे महिन्यात वस्तीतलं बोरिंग नुसती हवा ओकतं.

मी राईस मिलीत आहे. उसन्या तांदळासाठी धान हौदात भिजवावं लागतं. बॉयलरला पाणी लागतं, तेही क्षार काढलेलं, नाहीतर आतून खवले धरतात. बॉयलरच्या पोटाची इतकी काळजी! या सगळ्यासाठी बोअरची मोटर चालू करायची. बटन मीच दाबतो.

माय विचारते, "तुया मिलीत धानाले पानी भेटते, मंग मानसाले काहून नाई?"

दोस्तहो, मला उत्तर येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मीही खूश झालो. तहानलेल्याला पाणी नाकारणारे आपण नव्हे. ते दुसरे. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्यातलं ओंजळभर पाणी घेतलं, तर मागाहून त्यांनी शेण-गोमूत्र-दूध-दह्याचे 108 घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं! म्हणून हा शब्द कानावर आला की मी सावध होतो.

पण नागपूरच्या नीरीने काढलेली नलगोंडा पद्धत बघा. तुरटी आणि चुना घालायचा, पाणी ढवळायचं, फ्लोराईड गाळाबरोबर खाली बसतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे ह्याच फ्लोराईडनं दात डागाळले, हाडं वाकली. तुरटीला जात कळत नाही. हे शुद्धीकरण मला मंजूर आहे.

आता समजा, शहर कोरडं पडलं. जमिनीखालचं खारं-मचूळ पाणी उपसून, गाळून तिकडे न्यायचं ठरलं. विचारायचं कोणाला? 1882 चा कायदा म्हणतो, जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा. आमच्या नावावर सातबारा नाही. म्हणजे पायाखालचं पाणीही नाही. खालचं पाणी साला बांध मानत नाही, कायदा मानतो! 2019 साली चेन्नईचे तलाव आटले, तेव्हा भोवतालच्या गावांतल्या विहिरी टँकरनं शहरात गेल्या. पैसा विहीरवाल्याला. बिनविहिरीच्यांच्या हातात काय? शिवाय यंत्रातून गाळलं की सगळा क्षार उरलेल्या पाण्यात गोळा होतो. चांगलं शहराला जाईल. हे उरलेलं कोणाच्या दारात सोडणार, ते मला नकाशा न बघता सांगता येतं.

बरं, शहराला नाही म्हणावं, तर तिथल्या झोपडपट्टीत आपलीच माणसं. पाणी बंद झालं तर पहिला नळ त्यांचाच कोरडा. माझी गाडी इथंच अडते. मायला सांगितलं तर म्हणाली, "त्यायलेबी दे. पन आमाले इचारून दे."

उद्या पहिली पाळी. बटन नाही दाबलं तर हजेरी जाईल आणि दुसरा कोणी दाबेल. सहाला मोटर सुरू होईल. माय तेव्हा गुंड घेऊन बोरिंगवर असेल.