फिलाडेल्फियाला निघालेल्या नातीस

चि. छकुलीस,


तुझा व्हिसा झाला, तिकीट निघालं आणि ऑगस्टमध्ये तू फिलाडेल्फियाला पोचणार, हे तुझ्या आईनं सांगितलं आणि फार बरं वाटलं. तू मन लावून शिकशील, नीट राहशील, कुणाला दुखावणार नाहीस, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. काळजी आहे ती एवढीच, की तुला सगळ्याची घाई असते. जेवण घाईत, अंघोळ घाईत, आणि खुशालीसुद्धा अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिमुद्रणात, तेही जिना उतरता उतरता! म्हणून तू ज्या गावी चालली आहेस त्याच गावच्या एका घराची हकिकत आज तुला सांगते. पत्र लांबेल, तेव्हा चहा घेऊन बस; आणि अर्धं वाचून ठेवू नकोस, माझी शहाणी ना तू!

फिलाडेल्फिया वसवलं विल्यम पेननं, १६८२ मध्ये. हा पेन क्वेकर पंथाचा. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाभोवती ही मंडळी जमली. त्यांच्यात पुरोहित नाही, मंत्र नाहीत. एका साध्या खोलीत बाकांवर सगळे गप्प बसतात, आणि कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तरच तो उठून बोलतो, नाहीतर तास तसाच शांततेत जातो. लढाईला जायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही, कारण रोजचं बोलणंच खरं असेल तर वेगळी शपथ कशाला? शपथ घेत नाहीत म्हणून इंग्लंडात त्यांना विद्यापीठांची आणि सरकारी हुद्द्यांची दारं बंद झाली, तेव्हा ही माणसं व्यापारात शिरली. गिऱ्हाईक बघून भाव सांगायचा नाही, सगळ्यांना एकच भाव, हा त्यांचा रिवाज. मूलसुद्धा दुकानात पाठवलं तरी फसणार नाही, असा त्यांचा लौकिक झाला, आणि त्यातूनच पेढ्या आणि कारखाने मोठे झाले. तू खातेस ते कॅडबरीचं चॉकलेटही अशाच एका क्वेकर घरातून आलेलं आहे.

या लोकांची एक पद्धत मला फार आवडते. कुणी एका गावाहून दुसऱ्या गावी, किंवा समुद्र ओलांडून अमेरिकेला राहायला निघालं, की जुन्या गावची सभा त्याच्या हाती एक पत्र देई: हा आमचा माणूस, याच्या वागण्याची आम्ही चौकशी केली आहे, याचं कुणाचं देणं राहिलेलं नाही, लग्नाची बोली कुणाशी अडकलेली नाही, तुम्ही याला आपला म्हणा. लंडनची वार्षिक सभाही दरसाल अमेरिकेतल्या सभांना पत्र लिही. समुद्राच्या दोन काठांवर पसरलेला हा सगळा गोतावळा कागदानं बांधलेला होता, आणि व्यापारातला विश्वासही त्याच कागदावरून चाले.

आता सुरुवातीला म्हटलं त्या घराकडे येते. जॉन व्हिटॉल हा या पंथातला एक खलाशी. कोवळ्या वयात जहाजावर गेला, पंचविशीच्या आतच कप्तान झाला, पूर्वेकडच्या लांब सफरी केल्या, मग समुद्र सोडून फिलाडेल्फियात कापडाचं दुकान घातलं. १८३७ च्या मंदीच्या सुमारास ते बुडालं. ज्यांचं देणं होतं त्यांनी तडजोड केली, कायद्यानं तो मोकळा झाला. पण याला ते पुरेना. पुढे न्यू जर्सीत मिलव्हिल गावी काचेच्या कारखान्याचा धंदा जमला, तेव्हा वर्षानुवर्षं बाजूला टाकत टाकत त्यानं ते जुनं देणं फेडलं, जे मागायला आता कुणी दारात येणार नव्हतं. काटकसर म्हणतात ती ही, बाळा. पैसा न खर्चणं म्हणजे काटकसर नव्हे; तो कुणाचा आहे हे लक्षात ठेवून हात आवरणं, ते खरं अवघड.

त्या कारखान्यात मुख्यतः औषधवाल्यांच्या बाटल्या आणि बरण्या होत. माझ्या लहानपणी दवाखान्यातला कंपाउंडर लाल मिक्श्चर भरून अशी जाड काचेची बाटली देई. बाजूनं कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी खळीनं चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक डोस. बाटली घरूनच न्यावी लागे, त्यामुळे आई ती राखेनं घासून, पालथी घालून, फळीवर जपून ठेवी. बाटली फुटली तर औषध राहो बाजूला, बाटलीचीच हळहळ जास्त! तुमच्या काळात फेकायला फार सोपं झालं आहे.

या व्हिटॉलची थोरली मुलगी हॅना, जन्म १८३२ चा. तिनं १८५१ मध्ये रॉबर्ट पिअरसॉल स्मिथशी लग्न केलं. तोही पुढे सासऱ्याच्या काचेच्या धंद्यात आला. सात मुलं झाली, पण हॅनाच्या म्हातारपणापर्यंत उरली तिघंच. अठरा वर्षांचा फ्रँक १८७२ मध्ये गेला, तेव्हा तिनं त्याच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. दुःख आलं की काही माणसं दार लावून घेतात, ही बाई लिहायला बसे. नवऱ्याच्या मासिकासाठी ती दरमहा एकेक लेख लिही, त्यातूनच १८७५ मध्ये ‘द ख्रिश्चन्स सीक्रेट ऑफ अ हॅपी लाइफ’ झालं, आणि ते आजतागायत छापलं जातं. मला त्यातला धर्म बाजूला ठेवला तरी महिन्याला एक लेख, घरात लहान मुलं, पाहुणेरावळे आणि आजारपणं सांभाळून, हेच मोठं वाटतं. एका बैठकीत उरकायची घाई तिला नव्हती.

घर मोठं गजबजलेलं. उरलेल्या तिघांतली थोरली मेरी कॉलेजात असताना वॉल्ट व्हिटमनच्या कवितांनी भारावली. तेव्हा बापलेकांनी गाडी काढली, नदीपलीकडच्या कॅमडेनला जाऊन त्या पांढऱ्या दाढीच्या कवीला जर्मनटाऊनच्या आपल्या घरी घेऊन आले, आणि मग तो तिथे येऊन जाऊन राहू लागला. हॅनाची भाची कॅरी थॉमस युरोपात शिकायला जायचं म्हणाली, तेव्हा वडिलांचा विरोध होता आणि मावशी पाठीशी उभी राहिली. कॅरीनं १८८२ मध्ये झुरिकला डॉक्टरेट मिळवली आणि पुढे क्वेकरांनीच काढलेल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजची ती अध्यक्ष झाली. ब्रिन मॉर तुझ्यापासून जवळच आहे, एखाद्या रविवारी जाऊन ये.

मेरीनं लंडनच्या एका बॅरिस्टरशी लग्न केलं, आणि लेकीपाठोपाठ १८८८ मध्ये सगळं कुटुंबच इंग्लंडला आलं. लंडनमध्ये थेम्सकाठी एक घर, ससेक्समध्ये फ्रायडेज हिल नावाचं उन्हाळ्याचं घर. तिथे बर्ट्रंड रसेल नावाचा कॉलेजातला मुलगा येई. धाकटी अ‍ॅलिस त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तरी १८९४ च्या डिसेंबरात क्वेकर पद्धतीनं त्यांचं लग्न लागलं. मधला लोगन काही काळ न्यू यॉर्कला कारखान्याच्या कचेरीत बसला, पण त्याचं मन बाटल्यांत रमेना. तो ऑक्सफर्डला गेला आणि जन्मभर एकेक वाक्य घासूनपुसून लिहीत राहिला. आईबापांनी त्याला जाऊ दिलं. पिढीजात धंदा सोडणाऱ्या मुलाला असं जाऊ देणं सोपं नसतं, हे तुझ्या आजोबांनी तुझ्या बाबाला जाऊ दिलं तेव्हा मी जवळून पाहिलं आहे.

आता हॅनाचं निम्मं मन इंग्लंडात, निम्मं अमेरिकेत. व्हिटॉल कप्तानाच्या तरुणपणी शिडाच्या जहाजानं इंग्लंडहून न्यू यॉर्कला पत्र यायला पाच-सहा आठवडे सहज लागत. आता वाफेच्या बोटींनी ते आठवडाभरावर आलं होतं. १८७५ पासून नव्या आंतरराष्ट्रीय टपाल करारामुळे अमेरिकेतून इंग्लंडला साधं पत्र पाच सेंटांत जाई. तारही होतीच: १८६६ मध्ये समुद्रतळाची तार सुरू झाली तेव्हा वीस शब्दांना वीस पौंड पडत, आणि पुढे दर उतरले तरी तार ती तारच. जन्म, मरण, आगमन, बाजारभाव, एवढंच तिच्यात मावतं. नातीला दात आला, तो कुठला आला, आणि ती त्या रात्री किती रडली, हे सांगायला पत्रच लागतं.

आणि हॅना ते सांगे. मैत्रिणींना लिहिलेलं एकच पत्र अमेरिकेत हातोहात फिरे. आल्यागेल्यांची हकिकत, घरातल्या कामांची बारीकसारीक माहिती, स्वतःची रोखठोक मतं, सगळं त्यात असे. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, लोगननं संपादित केलेलं, त्यातल्या निवडक पत्रांचं पुस्तक निघालं. ते शक्य झालं कारण या घरात कागद टाकून द्यायची पद्धतच नव्हती.

खरी कसोटी पुढे आली. १८९१ च्या सुमारास मेरी नवऱ्याला आणि दोन चिमण्या मुलींना सोडून कलेचा अभ्यास करायला इटलीला गेली, बर्नार्ड बेरेन्सन या कलापारख्याकडे. त्या काळात, त्या घरात, आणि तेही धर्मोपदेशावर जिचं नाव झालेलं त्या आईच्या वाट्याला! हॅनाला हे मुळीच पसंत नव्हतं, आणि तिनं ते लपवलंही नाही. पण पत्र थांबवलं नाही. फ्लॉरेन्सला पत्रं जात राहिली, तिकडून येत राहिली. रागाची असतील, समजुतीची असतील, आणि पुष्कळशी तर पोरींच्या खोकल्याची आणि फ्रॉकांची असतील. मला वाटतं, त्या खोकल्याच्या पत्रांनीच आईलेकीचं नातं तगवलं. भांडणाचं पत्र लिहायला कुणालाही सुचतं. भांडणानंतर चार दिवसांनी, काही झालंच नाही अशा साध्या हातानं, आज बागेत काय फुललं हे लिहायला फार धीर लागतो. मुलींचा बाप १८९९ मध्ये वारला आणि रे व कॅरिन या दोघी नाती आजीच्याच पदराखाली वाढल्या.

रे मोठी होऊन बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत पडली, १९२८ मध्ये तिनं त्या चळवळीचा इतिहास लिहिला. त्याच्याही आधी, १९१४ मध्ये, तिनं आजीवर पुस्तक लिहिलं. (नातींनी आजीवर पुस्तकं लिहावीत असा माझा काही आग्रह नाही हो!) आणि गंमत बघ: रेचा नवरा ऑलिव्हर स्ट्रेची आपल्याकडच्या रेल्वेत नोकरीला होता, आणि दोघांनी मिळून १९१६ मध्ये जे पुस्तक काढलं ते चक्क आपल्या मुंबईवर. कॅप्टन केग्विननं १६८३ मध्ये मुंबईत कंपनी सरकारविरुद्ध बंड केलं आणि संभाजीराजांशी तह केला, ती सगळी हकिकत त्यात आहे. फिलाडेल्फियाच्या काचवाल्या कप्तानाची पणती मुंबईच्या जुन्या दप्तरांत मान घालून बसलेली, हे मनात आणून मला फार बरं वाटतं.

तुझ्या गावाशी आपलं नातं आणखी एक. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या ते तिथल्याच मुलींच्या वैद्यकीय कॉलेजात, आणि ते १८५० मध्ये निघालं क्वेकर मंडळींच्या पुढाकारानं. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. आनंदीबाईंना अमेरिकेत ज्या कार्पेंटरबाईंनी लेकीसारखं घरात घेतलं, त्यांची ओळखही पत्रांतूनच झालेली. तोंड पाहण्याआधी दोघींनी एकमेकींना किती लिहिलं! तुला तिकडे कुणी ओळखीचं नाही म्हणून तुझी आई कासावीस होते, तिला हे वाचून दाखव.

म्हणून म्हणते, तिथे गेल्यावर पहाटे जरा लवकर उठत जा. शेजारच्या खोल्या निजलेल्या असतात, फोन मुका असतो, तेव्हा दहा ओळी लिही. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. मोठ्या बातम्या तुझी आई फोनवर ऐकेलच. मला लिही तुझ्या खिडकीतून काय दिसतं, खोलीतली मुलगी कुठली आहे, वरण शिजायला तिकडच्या भांड्यात किती वेळ लागतो. परीक्षेत काही बिनसलं, कुणाशी वाजलं, तर लगेच उत्तर देऊन मोकळी होऊ नकोस. एक रात्र मध्ये जाऊ दे. आणि आर्च स्ट्रीटवर १८०४ मध्ये बांधलेलं क्वेकरांचं सभागृह अजून वापरात आहे, तिथे एकदा तासभर गप्प बसून ये. पहिली वीस मिनिटं चुळबुळ होईल, ती होऊ दे.

मेतकुटाचा डबा आणि लोणच्याची छोटी बरणी तयार आहे. बरणीला दोन पिशव्या घाल, आणि बॅगेत तळाशी ठेव. सोबत पाकिटं आणि घरचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. तिकिटं तिकडेच घ्यावी लागतील.

तुझी,
आजी