कोरी जागा

दिवाळीच्या फराळाबरोबर मिठाची गोष्ट काढतो आहे, याचा वाचकांनी राग मानू नये. शंकरपाळ्यांतदेखील ते चिमूटभर लागतेच!

१९७८ च्या उन्हाळ्यात भाईंदरच्या एका मिठागराच्या बांधावर बसून मी पाच इंची कागदावर पेन्सिलीने एक रेखाटन केले होते. भरतीचे पाणी बाहेरच्या खाचरांत घ्यायचे, ते उन्हाने आटवत आतल्या खाचरांत आणायचे आणि मीठ धरले की ओढून त्याचे ढीग घालायचे, असे ते काम. तेव्हा इथे ग्रामपंचायती होत्या. नगरपरिषद आली १९८५ साली, महानगरपालिका २००२ साली. मी बसलो होतो तो बांध आता एका इमारतीखाली गेला आहे. त्या रेखाटनावरून आता तीस इंची कॅनव्हासवर ॲक्रिलिकचे चित्र करायला घेतले आहे.

रीत सोपी आहे. कागदावर चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर सहापट मोठ्या आखायच्या आणि चौकटीमागून चौकट उतरवीत जायचे. परंतु रेषा सहापट होतात तशी कोरी जागाही होते. मीठ ओढणाऱ्या माणसाचे हात, पोटऱ्या, वाकलेली पाठ मी बारकाईने टिपली होती. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच नाही. कागदावर ती जागा अर्ध्या इंचाची होती, कुणाच्या डोळ्यांत येत नव्हती. आता ती तीन इंचांची झाली आहे.

घरातून सल्ला आला, "द्या की एखादा चेहरा, कुणाचाही!" हा 'कुणाचाही' मला बोचतो. घाम एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हा न्याय कुठला? बरे, जागा कोरी ठेवली तर तो माणूस नुसता 'मजूर' होऊन राहतो. डोक्यावरचे फडके पुढे ओढून सावलीत सारे बुडवावे, ही चित्रकारांची जुनी युक्ती आहे. मला ती हात झटकल्यासारखी वाटते.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१ च्या 'द हे वेन'साठी आधी त्याच मापाचे, सहा फुटांचे कच्चे चित्र केले होते. सफकमधला नदीकाठ त्याने लंडनला बसून रंगवला. कच्चे आणि पक्के, दोन्ही आज लंडनमध्ये आहेत आणि कच्चेच अधिक जिवंत वाटणारे रसिक कितीतरी आहेत. परंतु तो काठ त्याच्या घरचा होता, वडिलांची गिरणी तिथे होती. मला या माणसाचे नावही ठाऊक नाही.

तेव्हा मी असे ठरवले आहे की, जे पाहिले तेवढेच रंगवायचे. हात पुरे करायचे, अगदी बोटांच्या भेगांसकट. चेहऱ्याच्या जागी कॅनव्हास आणि पेन्सिलीची रेघ उघडी ठेवायची. गिऱ्हाईक चित्र अपुरे म्हणेल, म्हणो. ॲक्रिलिक भराभर वाळते आणि वाळताना किंचित गडद होते. भोवतीचा रंग चढतो आहे, तसतशी ती तीन इंचांची जागा अधिकच पांढरी दिसू लागली आहे.