वकीलपत्राविना

वकील उभा राहतो तो अशिलाच्या सहीवर. वकीलपत्र आलं, की मग फी, तारखा, युक्तिवाद. पण ज्याला वकिलापर्यंत पोहोचताच येत नाही, त्याची बाजू कोणी मांडायची?

के. एफ. रुस्तमजी हे कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी. बिहारच्या तुरुंगांतली परिस्थिती त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मधून मांडली. खटला सुरूच न होता माणसं वर्षानुवर्षं आत होती. गुन्हा शाबीत होऊन जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काहींनी कोठडीत काढला होता. जामिनाला पैसे नव्हते, म्हणून. तो मजकूर वाचून अनेकजण हळहळले असतील. दिल्लीच्या वकील कपिला हिंगोरानी यांनी मात्र सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या कैद्यांशी त्यांचं ना नातं, ना ओळख.

याचिकेला नाव मिळालं हुसैनारा खातून या कैदी स्त्रीचं. न्या. भगवती यांच्या पीठाने सांगितलं, की खटला वेळेत चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि गरीब आरोपीला मोफत वकील मिळालाच पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्या करारातही हीच दोन वचनं आहेत. जगाने कागदावर लिहिलेला हक्क अंधाऱ्या बराकीत पोहोचायला एका माणसाला आपला वेळ खर्चावा लागतो.

हिंगोरानी तिथे थांबल्या नाहीत. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिलेल्या रुदल साहची बाजू त्यांनीच मांडली. १९८३ मध्ये न्यायालयाने सरकारला त्याला ३०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. गेलेली चौदा वर्षं काही परत आली नाहीत. पण सरकारला आपल्या चुकीची किंमत मोजावी लागते, हे ठरून गेलं.

विद्या ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर विद्या नसलेल्याचं थोडं ऋण असतंच. ते फेडायला वकीलच असायला हवं असं नाही. कोठडीतल्या माणसाला, तसंच स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे १५१००. आपल्या ओळखीत ज्याला तो ठाऊक नसेल, त्याला आज एवढं जरूर सांगा.