दार उघडले, लाभ कोणाला?



परदेशी माल आणि परदेशी भांडवल आपल्या देशात येऊ द्यावे का? त्याने भरभराट होते की गरिबाच्या ताटातली भाकरी जाते? ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या आपल्याला हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांवर सोडता येणार नाही.

आपल्या भूमीला व्यापार नवा नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पुढे तेथील व्यापारावर बंधने आली आणि येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात लिहिले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या लेखकाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. 1321 साली ठाण्यात हुतात्मा झालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूही होर्मुझहून समुद्रमार्गे आले होते. बंदरातून मालाबरोबर माणसे, विचार आणि श्रद्धाही येतात. म्हणून केवळ परके म्हणून कशालाही नाकारणे आपल्याला शोभणारे नाही.

1991 साल आठवू या. परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि देशाला सोने गहाण टाकावे लागले. 24 जुलैला नवे औद्योगिक धोरण आले व अग्रक्रमाच्या उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीस सुलभ मंजुरी मिळू लागली. त्याच वर्षी 1 मे रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांचे ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. जगाच्या बाजारापासून अलग राहिलेले देश मागे पडले आणि त्यात सहभागी झालेले पुढे गेले, असे निरीक्षण त्यात आहे. मात्र गरीब देशांना त्या बाजारात न्याय्य प्रवेश मिळावा, अशी अपेक्षाही आहे. त्याआधी 1967 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये बजावले होते की, सामाजिक न्यायाच्या चौकटीत असेल तरच मुक्त व्यापार न्याय्य ठरतो.

दार उघडल्याने देशाची वाढ झाली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. नवी यंत्रे आली, नवे तंत्र आले, स्पर्धेमुळे माल सुधारला. आपली अनेक मुले ऐरोलीच्या कार्यालयांत परदेशी कंपन्यांचे काम करून घर चालवतात. पण वागळे इस्टेटमध्ये जिथे यंत्रे धडधडत होती, तिथे अनेक ठिकाणी आज काचेच्या इमारती आहेत. मोहोने येथील एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडला आणि कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. प्रत्येक कारखाना परदेशी स्पर्धेमुळेच बंद पडला, असे म्हणणे खरे होणार नाही. जमिनीचे वाढलेले भाव, जुनी यंत्रे, व्यवस्थापन अशी कारणेही असतात.

तरी खरी नैतिक अडचण इथेच आहे. ज्याचा लाभ झाला आणि ज्याचे नुकसान झाले, ती माणसे एक नाहीत. संगणक शिकलेल्या पंचविशीतल्या मुलीला दार उघडले. पन्नाशीतल्या कामगाराला तेच दार बंद झाले. देशाच्या बेरजेत दोघे एकत्र मिसळतात, पण त्यांच्या घरच्या चुली वेगळ्या आहेत. म्हणून ज्याचे ताट भरले, त्याच्यावर दुसऱ्याचे ऋण आहे. ही भीक नव्हे, न्याय आहे.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला (मत्तय 20) आपण जाणतो. दिवस कलला तरी कोणी कामावर घेतले नाही म्हणून उभ्या राहिलेल्यांकडे धन्याचे लक्ष गेले. आज असे मजूर भिवंडीच्या गोदामांत कंत्राटावर राबतात, आपल्या दारी पार्सल आणतात. 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. स्वस्त मालाच्या हिशेबात त्यांच्या सुरक्षिततेची किंमत धरली जाते का?

आपल्यापैकी जे व्यवस्थापक, ठेकेदार वा मालक आहेत, त्यांनी कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा भरला जातो की नाही, हे या आठवड्यात स्वतः तपासावे. नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला आपल्या कंपनीतील जागेची माहिती द्यावी. शिकलेल्या तरुणांनी धर्मग्रामातील एका मुलाला तरी आपले कौशल्य शिकवावे.

दार उघडे असावेच. पण आत आलेले धान्य सर्वांच्या ताटात पडते की नाही, हे पाहणे घरच्यांचे काम आहे. त्यासाठी प्रभू आपल्याला सद्बुद्धी आणि धैर्य देवो.