गाव सोडणे आणि गाव टाकणे

गेल्या आषाढीच्या वाटेवर, लोणंदच्या मुक्कामी, एका तरुणाने आम्हांस पुसले, “माउली, खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. जमीन दोन एकर, तीही पावसाच्या भरवशावर. केरळात गलाईच्या दुकानात काम मिळतंय. पुढंमागं स्वतःचं दुकान टाकायचं मनात आहे. पण घरी आई-आबा दोघंच. जावं तर पाप, राहावं तर उपास. काय करू?”

मंडळी, हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. कोकणातली अन् घाटावरची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. चार पैसे मिळवावे, मोठे व्हावे, ही इच्छा काही अधर्म नव्हे. नामदेवराय पंढरी सोडून पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ते द्रव्यासाठी गेले नव्हते, तेव्हा त्यांचे नाव सांगून आपल्या लोभावर पांघरूण घालू नये. पण दूर गेल्याने देव दुरावत नाही, एवढे त्यावरून कळते. अन् त्यांची जागा शेवटी महाद्वाराच्या पायरीशीच राहिली.

कोणी म्हणेल, मग पुंडलिकाचे काय? कथा नीट ऐकावी. पुंडलिकही आधी आईबापांना दुखवून काशीच्या वाटेला लागला होता. दोष वाट धरण्यात नव्हता. मायबाप मनातून उतरले, यात होता. ते ध्यानी आले, तो माघारी फिरला, म्हणून देव विटेवर उभा राहिला.

आम्हांस वाटते, गाव सोडणे निराळे अन् गाव टाकणे निराळे. गिरणगावात एका गावची माणसे गावकीच्या खोलीत दाटीने राहत, पण सणावाराला गाव गाठीत. १९८२ च्या संपानंतर कित्येकांचे काम कायमचे गेले, तेव्हा पुष्कळांना गावानेच पोटाशी घेतले. ज्यांनी उंबरा राखला होता, त्यांना उंबरा होता.

आज पैसे मोबाईलवरून क्षणात पोचतात. पैशाने औषध येते, उशाशी बसणारे लेकरू येत नाही. ‘यंदा सवड नाही, दक्षिणा पाठवतो’ असे आपण पांडुरंगाला कळवतो काय? वारी म्हणजे नेमाने येणे. तोच नेम मायबापांशीही हवा.

वडीलधाऱ्यांनाही हात जोडून सांगणे आहे, रडून पोराची वाट अडवू नका. अडवलेला पोर घरात राहतो, मनाने राहत नाही.

त्या तरुणाला आम्ही म्हटले, “बाळा, जा. पण परत येण्याची तिथी आई-आबांना सांगून जा, अन् ती चुकवू नकोस. उद्या दोघांतलं एक अंथरुणाला खिळलं, तर काम टाकून येशील का, ते आजच ठरव. ते ठरत नसेल, तर पाय काढू नकोस.”

तो काही बोलला नाही. टाळ उचलून दिंडीत गेला. उत्तर त्याने आम्हांस द्यायचे नव्हतेच, ते घरी द्यायचे आहे.

रामकृष्णहरि.